शनिवारचा तवा

२०२४ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं आणि त्या वर्षीच्या थंडीत मी पहिल्यांदा माझाच तवा पैसे देऊन विकत घेतला. का घेतला ते सांगायला बसलोय. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही, पण हे दुसऱ्या कुणी लिहिलं तर तो मलाच खुळ्यात काढेल. म्हणून मीच लिहितो.

भोसरीत आमची शेतं एमआयडीसीत गेली, त्याचे वाढीव पैसे कोर्टातून फार उशिरा हातात आले, त्यातून भावकीनं बंगले बांधले. मी प्रेस घेतला. पत्रा दाबायचा प्रेस. लोक हसले. त्याआधी बरीच वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत मी प्रेसवरच होतो, त्यामुळं मला त्याच्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. कंपन्यांचे सुटे भाग करून दिले, मग मोठ्या मशिनी आल्या आणि ती कामं गेली. तेव्हा मी तवे करायला लागलो. भाकरीचा तवा, जाड पत्र्याचा, मधे किंचित खोल, तेल पाजून भट्टीत भाजलेला. माझ्या तव्यावर भाकरी फुगली नाही असं सांगणारी बाई मला अजून भेटलेली नाही. भेटली तर पीठ तिचं वाईट असेल.

हे तवे इंटरनेटवर विकायची कल्पना माझ्या सुनेची. ती हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. निम्मं आयुष्य गाडीत बसून ट्रॅफिक बघण्यात जातंय म्हणाली आणि नोकरी सोडून तिनं तव्यांची साइट काढली. मी म्हटलं, पोरी, तवा हातात घेऊन, बोटानं वाजवून घ्यायची वस्तू आहे. ती म्हणाली, "आप्पा, तुम्ही वाजवून पाठवा, म्हणजे झालं." हे मला पटलं. एकच अट घातली. माझ्या बिलबुकात तारखेबरोबर वार लिहायची पद्धत होती. वडील सांगायचे, तारीख विसरते, वार ध्यानात राहतो. तेव्हा गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जे बिल जाईल त्यावरही वार पाहिजे, तोही मराठीत. तिनं तसं करून दिलं.

विक्री चालली, पण कशी? सून मला स्क्रीनवर रेघ दाखवायची. ती रेघ म्हणजे करवत. एका आठवड्याला उभी चढलेली, पुढच्या आठवड्याला तोंडावर आपटलेली. बाजरीचा मोसम, थंडी पडलेली, तव्याला मागणी असणारच. शुक्रवारी संध्याकाळी तर झुंबड उडायची. पण एखाद्या आठवड्याला ती झुंबड टिकायची आणि एखाद्या आठवड्याला शनिवारी दुपारपर्यंत निम्म्या ऑर्डरी रद्द. भाव तोच, माल तोच, मी वाजवणारा तोच. रद्द करताना कारण विचारलेलं असतं, तिथं सगळ्यांनी एकच खूण केलेली: विचार बदलला.

"एकाच दिवशी एवढ्या जणींचा विचार कसा बदलतो गं?" मी विचारलं.

"तेच तर कळेना."

शनिवारी लोखंड कुणी घेत नाही, हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. शनिवारी ऑर्डरी कमी आल्या की मीच सुनेला सांगायचो, आज हातपाय ताण, आज कुणी येणार नाही. पण या बाया शनिवारी घेत नव्हत्या. त्या शुक्रवारी घेत होत्या आणि शनिवारी परत करत होत्या. ते माझ्या डोक्यात बसेना.

माझा मुलगा चाकणला गाड्यांच्या कंपनीत आहे. त्याच्या डोक्यात दुसरंच बसलं होतं. त्याच्या ओळखीत एक पार्टी होती, तिला माल ठेवायला माझी प्रेसची शेड हवी होती. दर महिन्याला बसल्या जागी भाडं, वर कटकट नाही. एके दिवशी जेवताना त्यानं विषय काढला.

"आप्पा, या धंद्याला काही अंदाज नाही. आज वर, उद्या खाली. हिला पण नोकरी बघू द्या परत."

सुनेनं ताटातली भाकरी मोडायची थांबवली, तेवढंच. ते मला सहन झालं नाही आणि मी नको ते बोलून गेलो. म्हणालो, "पार्टीला रविवारी आण. तोवर हे वर-खाली का होतंय ते शोधून दाखवलं नाही, तर शेडची किल्ली मी माझ्या हातानं देईन."

मी शब्द दिला की दिला. हे मुलाला माहीत होतं, म्हणून तो गालात हसला. आणि सुनेलाही माहीत होतं, म्हणून तिचा चेहरा उतरला. शेड गेली तर तिची साइट गेली आणि माझा प्रेस भंगारात. झोपायला जाताना ती एवढंच म्हणाली, "आप्पा, थोडे जास्त दिवस तरी मागायचे."

दुसऱ्या दिवशी तिनं मला नीट समजावलं. गिऱ्हाइकाचे पैसे आपल्याकडे सरळ येत नाहीत. मधे एक कंपनी असते, तिला गेटवे म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे वेस. गावात शिरायचं तर वेशीतून. ती म्हणाली, हो, आणि आपल्याला दोन वेशी आहेत. एक सुरुवातीपासूनची. दुसरी मागून घेतलेली, स्वस्तातली, मुलानंच सुचवलेली. पहिल्या वेशीत गर्दी झाली की साइट आपोआप माणसं दुसऱ्या वेशीकडं वळवते.

"आणि रद्द होतात त्या कुठल्या वेशीतल्या?"

"बघितलंय मी. जास्त दुसरीतल्याच. पण दुसरीतून सोमवार, मंगळवारी आलेल्या कुणी रद्द करत नाही. म्हणून वाटतं, तिचाही दोष नसावा."

मला मात्र खात्री झाली. स्वस्तातली आणि पोरानं आणलेली, म्हणजे चोर तीच. मी म्हटलं, "आपण तपासायची. दोन डाय, दोन साचे असले आणि एका डायचा माल वाकडा येत असला, तर आपण काय करतो? तोच पत्रा, तोच प्रेस, तोच माणूस, फक्त डाय बदलायची. शुक्रवारी संध्याकाळी सगळं बिघडतं ना, मग शुक्रवारी संध्याकाळीच बघायचं."

सुनेचे डोळे चमकले. म्हणाली, "आप्पा, हिंजवडीत याच्यासाठी आम्ही आठवडाभर मिटिंगा करायचो."

"मिटिंगा नको. माणसं गोळा करतो."

शुक्रवारी दिवे लागायच्या वेळेला शेडमध्ये जत्रा भरली. शेजारच्या गाळ्यांतले चार-पाच जण आले, आमचा लातूरकडचा वेल्डर होता आणि गावठाणातनं माझी धाकटी बहीण आली. भाजीवाल्याला ती मोबाइलवरनंच पैसे देते आणि तो मोबाइल कमरेला बटव्यात ठेवते. सुनेनं साइटला एक कळ बसवली होती. ती सांगेल त्याला ती सांगेल ती वेस. निम्मे पहिलीतून, निम्मे दुसरीतून. प्रत्येकानं एक तवा विकत घ्यायचा, पैसे मी लगेच परत देणार.

वेल्डर म्हणाला, "आप्पा, दिवसभर मीच तवे करायलो अन् मीच इकत घ्यू व्हय?"

"घे. भाव कळेल तुला आपल्या हाताचा."

"भाव कळला की पगार वाढवून मागन बगा."

"आधी बटण दाब."

बहीण म्हणाली, "दादा, म्या न्हाई घेनार दुसऱ्या येशीतनं. तू म्हनतुस ती चोर हाय."

"तुलाच घालतोय मुद्दाम. तुझ्याकडनं चोरायचं म्हणजे चोराला पण घाम फुटेल."

सगळे हसले. तीपण हसली आणि बटण दाबलं. मीपण माझ्या मोबाइलवर पहिल्या वेशीतून एक तवा घेतला. आकडे टाकायला वेळ लागला, पण जेव्हा स्क्रीनवर हिरवी खूण उमटली, तेव्हा मला प्रेसमधून पहिला तवा निघाला होता तो दिवस आठवला. एकेकाची हिरवी खूण उमटत गेली आणि सून एकेक सांगत गेली: पहिली, पैसे आले. दुसरी, पैसे आले. माझ्या मोबाइलवर बिलही वाजलं. शुक्रवार लिहिलेलं.

"माझं बिल न्हाई आलं," बहीण म्हणाली.

"पत्र्याखाली रेंज येते-जाते," मी म्हटलं. "घरी गेलीस की येईल."

आमच्या शेडमध्ये खरंच रेंज धड टिकत नाही. फोन आला तरी रस्त्यावर जाऊन बोलावं लागतं. म्हणून कुणालाच त्यात काही वाटलं नाही.

शेवटी सगळ्यांचे पैसे गेलेले, सगळ्यांचे पैसे पोचलेले. दोन्ही वेशी चोख. माणसं चहा पिऊन गेली. सून खुर्चीत बसून राहिली.

"चोर नाहीये आप्पा कुणी."

"असेल. लपलाय."

"नाहीये," ती म्हणाली. "उद्या मी साइट बंद करायची तयारी करते. शब्द दिलाय तुम्ही."

मी शटर ओढलं. वाईट वाटलं असं लिहिणार नाही. राग आला होता. दुसरी वेस चोर निघाली नाही याचाच राग.

शनिवारी सकाळी अंघोळ करून मी चहाला बसलो होतो. मुलगा पहिल्या शिफ्टला गेलेला. बहिणीचा फोन आला.

"दादा, तुझा तवा परत घे."

"कुठला तवा?"

"कालचा. सकाळच्या पारी शनवारी लोखंड घेतल्याचं बिल धाडलंस मला. घरात लेकरंबाळं हाईत. काय समजतुस काय तू?"

"अगं बये, ते खोटं खोटं होतं. आणि घेतलंस काल."

"खोटं का आसंना, बिलात नाव माझं हाय आन् वार शनवार हाय. म्या वाचलं. वर मारुतीला चाललीय आता, तेल घालाया. त्ये तेल तुझ्या नावावर लिव."

मी कप खाली ठेवला. "काय वार म्हणालीस?"

"शनवार. मराठीत लिवलंय. वाचाया येतं मला."

मी फोन चालू ठेवूनच सुनेच्या खोलीपाशी गेलो. ती कॉम्प्युटरपुढं बसलेली होती. मी फोन तिच्यापुढं धरला आणि म्हटलं, "हिला सांगायला लाव. परत सांगायला लाव." बहिणीनं परत सांगितलं, या खेपेला सुनेलाही दोन शब्द जास्त ऐकवले. सून ऐकता ऐकता उभी राहिली.

तिनं वेल्डरला फोन केला. शेजारच्या गाळेवाल्यांना केला. पहिल्या वेशीतल्या सगळ्यांची बिलं काल संध्याकाळीच, शुक्रवारची. दुसऱ्या वेशीतल्या सगळ्यांची आज सकाळी, शनिवारची. मग ती कॉम्प्युटरमध्ये शिरली. मी पाठीमागं उभा राहून काही न समजता बघत होतो, पण तिची बोटं ज्या वेगानं चालली होती त्यावरून कळत होतं की काहीतरी हाताला लागलंय.

तिनं जे सांगितलं ते असं. संध्याकाळनंतर आलेले पैसे दुसरी वेस लगेच घेते, पण पक्के झाले असं आपल्याला कळवते दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि आपलं बिल जातं पक्के झाल्यावर, त्या दिवसाची तारीख आणि वार घेऊन. सुनेनं ही वेस घेताना तपासली होती ती भर दुपारी. तेव्हा सगळं एकाच दिवशी उरकलं होतं. सोमवारी घेतलेल्या तव्याचं बिल मंगळवारी गेलं, तर कुणाचं काय बिघडतंय? पण शुक्रवारच्या तव्याचं बिल शनिवारी सकाळी जातं. आणि ज्या शुक्रवारी सगळी झुंबड पहिल्याच वेशीत मावते, त्या आठवड्याला कुणी रद्द करत नाही. करवतीचे दात असे पडत होते.

"पण आप्पा, हा अंदाज झाला," ती म्हणाली. "लोक खरंच त्यामुळंच परत करतात कशावरून?"

"विचार की त्यांना."

रद्द केलेल्यांचे नंबर होतेच. तिनं एका बाईला फोन लावला. गोड आवाजात विचारलं, ताई, मागच्या आठवड्यात तुम्ही आमचा तवा घेतला होता, परत का केलात, आमचं काही चुकलं का? ताई म्हणाल्या, नाही नाही, सहज, विचार बदलला. मला राहवलं नाही. मी फोन घेतला.

"बाई, तवा करणारा म्हातारा बोलतोय. शनिवार आडवा आला का?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "तुम्हाला कसं कळलं? मी मानत नाही हो काका. पण सासूबाईंनी बिल बघितलं आणि मग काय."

दुसरी म्हणाली, "मी मानत नाही, पण मिस्टरांचं नवीन काम सुरू व्हायचं होतं." तिसरे एक गृहस्थ होते, साहेबी मराठी बोलणारे. ते म्हणाले, "मी अजिबात मानत नाही. पण उगाच कशाला?" सून तोंडावर ओढणी धरून हसत होती. सगळे तेच म्हणायचे आणि मग पुढं ‘पण’ लावायचे. आम्ही त्यांना सांगत गेलो की तुम्ही घेतला होता तो शुक्रवारीच, बिल उशिरा गेलं. काही जण म्हणाले, मग पाठवा. काही म्हणाले, आज नको, उद्या घेते.

सून म्हणाली, "सोपं आहे आप्पा. बिलावरचा वार काढून टाकते. नुसती तारीख ठेवते."

"वार काढायचा नाही."

"अहो, त्याच्यामुळंच झालं ना."

"वारामुळं नाही, उशिरामुळं झालं. गिऱ्हाइकानं ज्या वारी बटण दाबलं, तो वार बिलावर लागला पाहिजे. माझा वार खोटा बोलत होता, तो खरा कर."

ती मान हलवून बसली कामाला. माझ्याशी भांडण्यापेक्षा ते करणं सोपं, हे तिला आता कळलेलं आहे. दुपारी तिनं वेशीचा निरोप मुद्दाम दुसऱ्या दिवसावर ढकलून ठेवला आणि मला दुसऱ्या वेशीतून एक तवा घ्यायला सांगितला. मी म्हटलं, आज नाही. आज शनिवार आहे. तिनं कपाळाला हात लावला आणि स्वतःच्या मोबाइलवर, तव्यांबरोबर विकायला ठेवलेली एक झाकणी घेतली. लाकडी.

चारनंतर मुलगा आला. मोशीच्या चौकात अडकून वैतागलेला. आम्ही दोघांनी त्याला सगळं सांगितलं, एकमेकांचं बोलणं तोडत. तो पाणी पिता पिता ऐकत होता.

"शनिवार?" तो म्हणाला. "या जमान्यात? आप्पा, कोण मानतं शनिवार?"

"कुणीच मानत नाही. सगळ्यांना विचारलंय आम्ही."

"मग? मी इंजिनिअर माणूस आहे. गाड्या बनवतो. आमच्या लाइनवर शनिवारी किती गाड्या निघतात माहितीय?"

"तुझी नवी गाडी शोरूमवाला शनिवारी देत होता. तू रविवारी का आणलीस?"

त्यानं ग्लास ठेवला. "सुट्टी होती रविवारी."

"शनिवारी पण सुट्टी काढली होतीस. शोरूमवर जाऊन गाडी बघून, हात लावून परत आलास. माझ्यासमोरची गोष्ट आहे. गाडी लाकडाची होती का?"

"ते आईला आवडलं नसतं म्हणून."

"तुझी आई जाऊन किती वर्षं झाली?"

सून हसायची थांबली. दारातून त्याची गाडी दिसत होती, पुढं लिंबू-मिरची बांधलेली, त्याच दिवशी सकाळी बदललेली, ताजी. तो तिकडं बघत होता. मग बायकोला म्हणाला, "दाखव बघू काय केलंस ते." ती त्याला घेऊन कॉम्प्युटरकडं गेली. मी बाहेरच बसलो. आतून त्याचे प्रश्न ऐकू येत होते आणि तिची उत्तरं, आणि हळूहळू तिचा आवाज वर चढत गेला, हिंजवडीला जायची तेव्हा फोनवर बोलायची तसा. बऱ्याच दिवसांनी ऐकला.

बाहेर येऊन तो म्हणाला, "पार्टी उद्या दहाला येतेय. मी काही फोन करणार नाही त्यांना. त्यांची माणसं रोज आमच्या कंपनीत येतात, मला तोंड दाखवायचंय. काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

"मीच सांगणार. शब्द माझा होता."

रविवारी सकाळी मी लवकर शेडवर गेलो. सून माझ्या आधी येऊन बसली होती. कालच्या झाकणीचं बिल आज सकाळी आलं होतं, पण वार त्यावर शनिवारच होता. तिच्या मोबाइलवर ऑर्डरी वाजत होत्या आणि काल ‘उद्या घेते’ म्हणालेल्यांतल्या दोघींची नावं तिनं मला वाचून दाखवली. वेल्डरला रविवारी बोलावलं म्हणून तो कुरकुरत आला, पण पगाराचं काही बोलला नाही. दहाला पार्टी आली, हातात टेप घेऊन, शेड मोजायला. मी भट्टी पेटवली, प्रेस चालू केला आणि पहिला पत्रा खाली सरकवला. एवढा आवाज झाला की पार्टी दारातच थांबली. मी हातानं खूण करून त्यांना चहा घ्या म्हटलं आणि दुसरा पत्रा उचलला.